डाव्या चाकांचे उलटे आटे

डेट्रॉइटच्या उत्तरेला जुन्या गाड्यांच्या गॅरेजात मेकॅनिक आहे म्हटलं की गावाकडचे मित्र फोर्डच्या मस्टँग या स्पोर्टी गाडीचे फोटो मागतात. मस्टँगही येतात. पण माझं मन रमतं ते नर्सबाईंच्या, शाळामास्तरांच्या, कारकुनांच्या गाड्यांत. त्यातलीच एक, १९६४ ची डॉज डार्ट, टो ट्रकवर बसून आमच्या दारात आली. सोबत एक विशीतला पोरगा आणि त्याचे आजोबा. आजोबा ऐंशीच्या पुढचे, कृष्णवर्णीय, डोक्यावर युनियनची टोपी.

गाडी नव्या टायरसाठी एका दुकानात नेली होती. उजवीकडची चाकं निघाली, डावीकडची निघेनात. तिथल्या माणसानं नट सोडवायच्या एअर गनचा जोर वाढवत नेला, तेव्हा दोन स्टड, म्हणजे नट ज्यावर बसतात ते आट्यांचे दांडे, तुटले. मग ‘नट जाम आहेत’ असं बिलावर लिहून त्यांनी हात वर केले.

मी उरलेल्या एका स्टडचं टोक वायर ब्रशनं घासलं. गंज निघाला तसं खाली ठोकलेलं इंग्रजी ‘एल’ अक्षर दिसलं. नातवाच्या हातात लांब दांड्याचा पाना दिला आणि म्हटलं, “आवळतो तसा फिरव.” त्याला वाटलं मी चेष्टा करतोय. पण त्यानं जोर लावला आणि नट कुरकुरत सुटला.

आजोबा खुर्चीत बसून हसत होते. “त्या दुकानातल्याला सांगितलं होतं मी. म्हाताऱ्याचं कोण ऐकतं!”

डॉज ही क्रायस्लर कंपनीचीच, आणि क्रायस्लरच्या गाड्यांना तेव्हा डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे असत. डावं चाक पुढे फिरताना सरळ आट्याचे नट सैल होऊ शकतात, हा त्यामागचा हिशेब. बाकीच्यांनी हा नाद हळूहळू सोडला. क्रायस्लर १९७० च्या आसपासपर्यंत अडून बसली. इंजिनिअर लोकांचा शब्द त्या कंपनीत चालायचा, त्याचे फायदे-तोटे दोन्ही गाडीत सापडतात.

बोनेट उघडलं की फायदे दिसतात. १९५९ च्या हिवाळ्याच्या तोंडावर डेट्रॉइटच्या तिन्ही मोठ्या कंपन्यांनी एकदमच छोट्या गाड्या बाजारात आणल्या. जर्मनीच्या बीटलनं आणि इथल्याच रॅम्बलरनं गिऱ्हाईक पळवलं होतं, म्हणून ही धावपळ. शेवरोलेची कॉर्वेअर मागे इंजिन घेऊन आली. फोर्डची फाल्कन अगदी सरळसोट होती, पण खप तिचाच सगळ्यात जास्त. पुढे तिच्याच सांगाड्यावर मस्टँग उभी राहिली, हे मस्टँगवाल्या मित्रांना सांगितलं की ते गप्प होतात. क्रायस्लरची व्हॅलिअंट. १९६३ पासून तिचंच थोडं लांब भावंड म्हणजे ही डार्ट. ‘कॉम्पॅक्ट’ म्हणायची, पण लांबी सोळा फुटांच्या वर! भारतात चार मीटरच्या आत गाडी बसवायला कंपन्या डिकी कापतात. इथे पाच मीटरला टेकलेली गाडी छोटी ठरत होती.

तिचं सहा सिलिंडरचं इंजिन उजवीकडे ३० अंश कललेलं आहे. आमच्याकडे शिकायला आलेली पोरं पहिल्यांदा बघतात तेव्हा माउंटिंग तुटलंय का विचारतात. कलवल्यामुळे बोनेट खाली घेता आलं. डावीकडे मोकळी झालेली जागा इनटेक मॅनिफोल्डच्या, म्हणजे सिलिंडरांत हवा-पेट्रोल नेणाऱ्या, लांबलचक नळ्यांना मिळाली. वॉटर पंप बाजूला सरकवून इंजिनाची लांबीही कमी केली. उजवीकडे मात्र डिस्ट्रिब्यूटर आणि प्लग खाली दडले. तिथे हात घालताना मनगट सोलतंच.

ब्लॉक अ‍ॅल्युमिनियममध्येही ओतता यावा अशा बेतानं आखला होता, आणि १९६१ ते १९६३ मध्ये तसे काही ब्लॉक निघालेही. बहुतेक निघाले ते बिडाचे, त्यामुळे गरजेपेक्षा दणकट. क्रँकला, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याला, बेअरिंग चारच, पण हे इंजिन मरत नाही अशी त्याची ख्याती. मला यात चमत्कार वाटत नाही. ३.७ लिटरच्या इंजिनाकडून जेमतेम १४५ हॉर्सपॉवर मागितली, तीही त्या काळच्या सढळ मोजणीनं, तर ते थकेल कशाला?

नातवाला मात्र हे इंजिन काढून आठ सिलिंडरचं व्ही-८ टाकायचं होतं. तोही अभ्यास करून आला होता. १९६४ मध्येच डार्टला २७३ घनइंचांचं व्ही-८ मिळायला लागलं, हे त्यानं मला ऐकवलं. बरोबरच होतं. मी विचारलं, “मग इंजिनाखालची फ्रेम, स्प्रिंगचं काम करणारे टॉर्शन बार, आणि हे ९ इंची ड्रम ब्रेक? तेही बदलणार?” तो आजोबांकडे बघायला लागला. आजोबा छताकडे.

इंजिन चालू होतं, पण वरून टकटक मोठी होती. पोरगा त्यालाच ‘इंजिन गेलंय’ म्हणत होता. म्हटलं, आधी टॅपेट सेटिंग करू, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातली फट नीट लावू.

कोल्हापुरात उमेदवारी करताना पद्मिनीचं टॅपेट सेटिंग मी शेकडो वेळा केलंय, पण ते थंड, बंद इंजिनावर. या डार्टचं करायचं ते तापलेल्या आणि चालू इंजिनावर. वरचं कव्हर काढलं की बारा रॉकर डोळ्यांसमोर नाचतात, तेलाचे गरम शिंतोडे बाहीवर येतात. इनटेकला ०.०१० इंच, एक्झॉस्टला ०.०२०. फिलर गेजची पाती व्हॉल्व्हचं टोक आणि रॉकर यांच्यामध्ये सरकवायची. फट जास्त असेल तर पाती बोटांत टकटक ठोकते. स्क्रूला लॉकनट नसतो, तो स्वतःच घट्ट बसतो. पाना किंचित फिरवला की ठोका मऊ होतो. आणखी फिरवला तर पाती धरून ठेवल्यासारखी अडकते, म्हणजे जास्त आवळलं. पाचव्या-सहाव्या रॉकरपर्यंत आवाज निम्म्यावर आला. पोरानं फोन खिशात ठेवला आणि पाती मागितली. शेवटचे चार त्यानं केले. एक मला पुन्हा करावा लागला.

हे चाललं असताना आजोबा बोलायला लागले. ते हॅमट्रॅमकच्या डॉज मेन कारखान्यात सीट बसवायचे. कदाचित याच गाडीची बसवली असेल, म्हणाले, आणि स्वतःच मान हलवली. गाडी बायकोनं घेतली होती, स्वतःच्या पगारातून. गिअरची बटणं डॅशबोर्डवर डावीकडे, दांडा नाही, म्हणून तिला आवडली. ती बटणं त्या वर्षानंतर बंदच झाली.

मे १९६८ मध्ये असेंब्ली लाइनचा वेग वाढवला म्हणून डॉज मेनमध्ये युनियनला न जुमानता संप झाला. शिक्षा झाली ती जास्त करून कृष्णवर्णीय कामगारांना, आणि त्यातून त्यांनी ‘ड्रम’ (डॉज रिव्होल्युशनरी युनियन मूव्हमेंट) ही आपली वेगळी संघटना काढली. मी वाचलेलं आजोबांना विचारलं. ते म्हणाले, “सीट तीच, बोल्ट तेवढेच. गाडी तेवढी आधीपेक्षा लवकर समोरून निघून जायची. लघवीला जायचं तर बदलीचा माणूस येईपर्यंत थांबायचं.” बाकी काही बोलले नाहीत. कारखाना १९८० च्या जानेवारीत बंद पडला, आता त्या भागात जनरल मोटर्सचा कारखाना आहे. अमेरिकेत डार्ट १९७६ मध्येच थांबली होती. तिच्या जागी आलेल्या अ‍ॅस्पेनचे पुढचे मडगार्ड गंजले आणि कंपनीला गाड्या परत बोलवायला लागल्या.

मीही त्यांना एक गंमत सांगितली. आमच्या मुंबईत कुर्ल्याच्या प्रीमिअर कंपनीनं आधी क्रायस्लरशी करार करून डॉज आणि प्लिमथ जोडल्या आणि मग फियाट धरली. इथे २००९ मध्ये फियाटनंच क्रायस्लरमध्ये पाय रोवला आणि २०१२ मध्ये डार्ट नावाची नवी गाडी काढली, इटालियन सांगाड्यावर. आजोबांना त्या नव्या डार्टबद्दल विचारलं तर त्यांनी नुसता हात झटकला.

राहिले तुटलेले स्टड. बहुतेक गॅरेजवाले अशा वेळी डावीकडे सरळ आट्याचे स्टड ठोकून देतात, पुन्हा कटकट नको. माझाही सल्ला तोच होता. उलट्या आट्यांचे महाग पडतात, मागवून यायला वेळ लागतो, आणि उद्या हायवेवर पंक्चर झालं तर मदतीला येणारा तेच करणार. नातवाला पटलं. आजोबा म्हणाले, “तिनं घेतली तशीच ठेव. मदतीला येणाऱ्याला वाचता येत असेल ना?”

स्टड आठवड्यानं आले. ते बसवून झाल्यावर मी डिकीच्या झाकणाला आतून पिवळी पट्टी चिकटवली आणि जाड मार्करनं लिहिलं: डावीकडचे नट उलटे फिरतात. आजोबांनी वाचलं आणि खाली आणखी एक ओळ लिहून घेतली: शंका असेल तर एअर गन लावू नका, मालकाला विचारा. नातू म्हणाला, मालक म्हणजे कोण, मी की तुम्ही? त्यावर गाडीत बसून दोघांचं जे सुरू झालं, ते मी बिल करून आणेपर्यंत चालूच होतं. व्ही-८ चा विषय त्या दिवशी तरी कुणी काढला नाही.