मॉर्लन, १/६ स्केल: डोकं, हात आणि कोटापर्यंतची नोंद

‘अमेझिंग स्पायडर-मॅन’ या कॉमिकच्या दुसऱ्या मालिकेतल्या ३० ते ३५ या अंकांतला (२००१) खलनायक मॉर्लन उभा करायचा, हे माणसाच्या एक-षष्ठांश आकाराच्या या मॉडेलचं सूत्र. लेखन जे. मायकल स्ट्राझिन्स्की, चित्रं जॉन रोमिटा ज्युनियर. पुढे ‘स्पायडर-व्हर्स’मध्ये (२०१४-१५) त्याचं अख्खं खानदान येतं: बाप सोलस, भाऊ डेमॉस, मेलेल्यांना क्लोनच्या देहात परत आणणारा जेनिक्स. तरी २००१चा एकटा मॉर्लनच जास्त धडकी भरवतो, कारण तो घाई करत नाही.

तो रक्त पीत नाही, स्पर्शातून जीवशक्ती ओढून घेतो. एकदा हात लागला की सावज कुठेही असो, मॉर्लनला त्याचा माग लागतो. म्हणून सुळे काढायचे नाहीत, आणि सगळ्यात जास्त वेळ उजव्या हाताला द्यायचा.

उंची साधारण ३० सेंमी. सांगाडा २ मिमी ॲल्युमिनियम तारेचा, दुहेरी पिळून. बोटांना ०.५ मिमी तांब्याची तार. त्याहून जाड घेतली की मातीचा थर चढल्यावर बोटं सॉसेजसारखी दिसतात. मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत ३ सेंमीच्या आसपास. बोटं ताणून फाकवू नका. किंचित वाकलेली, सैल ठेवली की हात नुसता पुढे आलेला वाटतो, आणि तेच हवंय.

डोक्याचा गाभा ॲल्युमिनियम फॉइलचा, जेवढा घट्ट दाबता येईल तेवढा. आत पोकळ्या राहिल्या तर भट्टीत हवा फुगते आणि कपाळावर तडा जातो. वर पॉलिमर क्ले (भाजल्यावर कडक होणारी प्लॅस्टिकची माती) ५-६ मिमी. १३० अंश सेल्सिअसला, दर ६ मिमी जाडीला १५ मिनिटं; पण आधी आपल्या मातीच्या पाकिटावरचा आकडा बघा. घरच्या ओटीजीच्या (छोट्या विजेच्या भट्टीच्या) बटणावर विसंबू नका, आत वेगळा थर्मामीटर ठेवा. तापमान कमी पडलं तर माती ठिसूळ राहते, कान आणि नाकाचं टोक आधी तुटतं. जास्त झालं तर पिवळी-तपकिरी पडते. भाजून झाल्यावर ओटीजीतच थंड होऊ द्या.

कोट इपॉक्सी पुटीचा, म्हणजे दोन भाग मिसळल्यावर आपोआप कडक होणाऱ्या लगद्याचा. दोन्ही भाग समसमान, रंग एकजीव होईपर्यंत मळायचे. पट्टे राहिले तर तेवढी जागा मऊच राहते. टाल्कम पावडर लावलेल्या प्लॅस्टिकवर १.५ मिमी लाटून जरा आवळू द्यायची, मग अंगावर घालायची. ताजी घातली की स्वतःच्या वजनाने खाली ओघळते आणि घोळाच्या चुण्या मरतात. कडा ओल्या बोटाने अर्ध्या मिमीपर्यंत पातळ करा. कोट खरा वाटणं न वाटणं या कडांवरच ठरतं. गळ्याचा क्रॅव्हट (जुन्या पद्धतीचा गळपट्टा) वेगळा करून शेवटी चिकटवायचा, नाहीतर हनुवटीखाली ब्रश पोहोचत नाही.

प्रायमर (रंगाआधीचा अस्तराचा थर) पाण्यातला ॲक्रिलिक. कॅनमधले बरेच सॉल्व्हंट स्प्रे पॉलिमर क्लेवर चिकट राहतात, कारण मातीतला प्लास्टिसायझर (ती मऊ ठेवणारा घटक) रंगाच्या थरात शिरतो. पुटीच्या कोटावर ही अडचण नाही.

त्वचेला पांढरा बेस देऊ नका, चेहरा खडूचा दिसतो. आयव्हरीत (हस्तिदंती रंगात) अगदी थोडा निळसर करडा आणि रॉ अंबरचा (मातकट तपकिरीचा) ठिपका. त्यावर डोळ्यांच्या खोबणीत आणि गालफडांखाली जांभळट ग्लेझ (पातळ पारदर्शक थर), १ भाग रंगाला ६ भाग मीडियम (रंग पातळ करणारं पारदर्शक द्रव). प्रत्येक थर पूर्ण वाळू द्या. ओल्यावर ओलं गेलं की डाग पडतात. बुबुळं काळीच ठेवलीत, लाल फक्त पापण्यांच्या कडांना. भूक एवढ्यानेच पुरेशी दिसते.

केस आणि कोट दोन्ही काळे, तेव्हा ते वेगळे दिसायलाच हवेत: केसांना निळसर उजळ रेघा आणि सॅटिन वार्निश, कोटाला उबदार करडी कड आणि मॅट. मॅटची बाटली भरपूर हलवा, मॅट करणारी पूड तळाशी बसते. जाड थर दिला की पांढरी झाक येते, ती काळ्या कोटावर सगळ्यात आधी दिसते. पावसाळी दमट हवेत स्प्रे वार्निश टाळा, हाच प्रकार होतो. ब्रशने दोन पातळ थर पुरतात. डोळ्यांवर ग्लॉसचा एकेक थेंब, मॅट वाळल्यानंतरच.

बेस आणि डाव्या हाताची नखं बाकी आहेत. नखांना त्वचेचाच रंग, एक छटा गडद.