घरचा रेडिओ आणि हॉलमधला घुमारा

मे महिन्याच्या सुट्टीत मुलांना घेऊन १५ मिनिटांचा घरगुती रेडिओ कार्यक्रम केला. बातम्या, एक गोष्ट आणि आजीची मुलाखत. लिहिणं, कोणी काय बोलायचं यावरची भांडणं, कार्यक्रमाचं नाव, सगळं एका संध्याकाळी उरकलं. अडलो ते रेकॉर्डिंगला, आणि त्यात तीन रविवार गेले.

कोथरूडमधला आमचा हॉल म्हणजे गुळगुळीत फरशी, मोठी काच आणि मोकळ्या भिंती. पहिल्याच रविवारी सासूबाई पानशेतच्या पुराबद्दल बोलल्या. १२ जुलै १९६१ ला त्या सात वर्षांच्या होत्या, नारायण पेठेतल्या वाड्यात. वडिलांनी खांद्यावर घेतलं तेव्हा एक चप्पल पाण्यात पडली, तिच्यासाठी त्या रडत राहिल्या. मुलं श्वास रोखून ऐकत होती. नंतर लावून पाहिलं, तर आडात उभं राहून बोलल्यासारखा आवाज! मला रडूच आलं.

मग तपकीर गल्लीतून कॉलर माइक आणला. दुकानदार म्हणाला, घुमणार नाही. तरी घुमलंच. भिंतींवरून परतलेला आवाजही माइक टिपतोच, तेव्हा आधी खोली सुधारायची, हे मला कोणी सांगितलं असतं तर दुसरा रविवार वाचला असता. त्याचा राग अजून गेलेला नाही.

तिसऱ्या रविवारी बेडरूममध्ये कपाटाची दारं उघडून त्यांवर गोधड्या टाकल्या, गादी भिंतीला उभी केली. फोन तोंडापासून वीतभर लांब, जरासा बाजूला. समोर धरला की प, फ, भ म्हणताना हवेचा धपका बसतो. पंखा बंद हवा, म्हणून सकाळी सहालाच बसलो. तेव्हा कुकरच्या शिट्ट्याही नसतात. हो, आणि फोन एरोप्लेन मोडवर टाका. आमच्या बातम्यांच्या मधोमध गॅसवाल्याचा फोन आला होता.

आवाज स्वच्छ आला. पण सासूबाई दुसऱ्यांदा तसं बोलल्या नाहीत. चप्पल आलीच नाही. शेजारच्या गोधडीवरून हात फिरवत म्हणाल्या, "चिखलानं आमच्या गोधड्या इतक्या जड झाल्या होत्या, दोघींना उचलेनात." हे पहिल्या वेळी नव्हतं.

म्हणून सांगते, खोलीची चाचणी मुलांच्या आवाजावर घ्या. मोठ्या माणसांना एकदाच बोलवा.

चूक झाली की मुलांना टाळी वाजवायला सांगा. ऑडॅसिटी या आवाज कापण्या-जोडण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये ती जागा लगेच दिसते. पाऊस आम्ही स्टीलच्या ताटात तांदूळ ओतून केला, धाकट्यानं.

जोडताना चपलेची ४० सेकंदं घुमाऱ्यासकट ठेवली. १२ जुलैला रात्री जेवणं झाल्यावर दिवा घालवून सगळ्यांनी ऐकलं. चप्पल आली तशी मुलगी उठून आजीच्या मांडीवर जाऊन बसली.