खारेपाटणचा रट्टराज आणि त्याचे भाऊबंद

शिलाहार म्हटले की बहुतेकांना अंबरनाथचे देऊळ आठवते, फार तर पन्हाळ्याचा राजा भोज. मला मात्र या कुळाच्या तीन घराण्यांपैकी सर्वांत धाकटे वाटावे असे दक्षिण कोकणचे घराणे अधिक खुणावते. उत्तर कोकण, दक्षिण कोकण आणि कोल्हापूर अशा तिन्ही ठिकाणी नांदणारे हे मांडलिक स्वतःला गरुडापुढे देह ठेवणाऱ्या जीमूतवाहनाचे वंशज म्हणवीत. मूळपुरुष एक असला, तरी राज्ये वेगळी होती आणि हितसंबंधही.

दक्षिण शाखेची बहुतेक माहिती रट्टराजाच्या शके ९३०, म्हणजे इ. स. १००८ च्या ताम्रपटातून मिळते. खारेपाटणला सापडलेला हा ताम्रपट दर्पणकार बाळशास्त्री जांभेकरांनी प्रथम प्रसिद्ध केला. राष्ट्रकूटांची सत्ता जाऊन तोवर तीन दशके उलटली होती आणि रट्टराज चालुक्य सत्याश्रयाचा मांडलिक होता. तरीही स्वतःची वंशावळ सांगण्याआधी तो राष्ट्रकूटांची सांगतो, कारण या शाखेचा मूळपुरुष सणफुल्ल याला सह्याद्री आणि समुद्र यांमधला मुलूख मिळाला तो राष्ट्रकूट कृष्णराजाच्या कृपेने. नव्या धन्याचे नाव घेऊनही जुन्याचे उपकार तांब्यावर कोरून ठेवण्यात निष्ठा किती आणि आपला हक्क जुना असल्याचे दाखवण्याची निकड किती, याचा विचार केला तर माझे माप दुसऱ्या बाजूला झुकते.

या वंशावळीत धम्मियराने बलिपत्तन हे नगर वसवल्याची नोंद आहे, आणि ऐयपराजाला चंद्रपुराजवळ, म्हणजे गोव्यातल्या आजच्या चांदोरपाशी, नारळाच्या पाण्याने स्नान घातल्याचीही. (अभिषेकाची ही तऱ्हा कोकणी राजालाच शोभावी!) दानाचा तपशील तर याहून बोलका आहे. अव्वेश्वराच्या देवळाला गावे दिलीच, शिवाय परदेशाहून येणाऱ्या प्रत्येक गलबतामागे एक सुवर्ण गद्याण, म्हणजे सोन्याचे नाणे, लावून दिला. चेमुल्य, म्हणजे चौल, आणि चंद्रपूर येथल्या गलबतांना मात्र यातून वगळले. तेली, माळी, कुंभार, परीट यांची घरेही देवळाकडे लावून दिली. एवढ्याशा राज्याचा डोलारा बंदरातल्या जकातीवर कसा उभा होता, हे यावरून कळते.

रट्टराजानंतर लवकरच चालुक्य जयसिंहाच्या स्वारीत ही शाखा संपली आणि पुढे तिचा मुलूख उत्तर कोकणच्या शिलाहारांकडे गेला. त्यांच्यापैकी अनंतदेवाचा शके १०१६ चा ताम्रपटही खारेपाटणलाच मिळाला, आणि त्यातही विषय जकातीचाच आहे: त्याच्या दोन मंत्र्यांच्या गलबतांना ठाणे, सोपारा, चौल अशा बंदरांत ती माफ केलेली आहे. त्याच ताम्रपटात अनंतदेवाची थोरवी गाताना म्हटले आहे की, दायादांच्या, म्हणजे वारसा सांगणाऱ्या भाऊबंदांच्या, वैरामुळे ओढवलेल्या वाईट काळात ज्या दुष्टांनी कोकण उद्ध्वस्त केले, त्यांना त्याने तलवारीच्या धारेत बुडवले. ते दायाद कोण, त्यांची नावे ताम्रपट सांगत नाही.