ऑप्शनला टाकलेला चौथा प्रश्न

स्मरणिकेसाठी मनोगत पाठवा, ऐच्छिक आहे, असा मेसेज आला आणि मग आठवड्यात तीनदा "तुमचं अजून आलं नाही" हेपण आलं, म्हटलं चला, याच शब्दावर लिहू.

आमच्यासाठी ऐच्छिक म्हणजे सरळ सोडून द्यायचं. धडा जड गेला की "मी तो ऑप्शनला टाकलाय" हे काय ऐटीत सांगायचो! एका चाचणीत "पुढीलपैकी कोणतेही चार सोडवा" होतं, मी तीनच सोडवले आणि मराठीच्या बाईंना म्हटलं, बाई, ऐच्छिक होतं ना. बाई चिडल्या नाहीत (चिडल्या असत्या तर बरं झालं असतं), फळ्यावर दोन शब्द लिहिले. इच्छेवरून ऐच्छिक, म्हणजे घे नाहीतर नको घेऊ. विकल्पावरून वैकल्पिक, म्हणजे हे घे नाहीतर ते घे, पण काहीतरी घ्यावंच लागेल. चार सोडवायचेच, कुठले चार एवढीच तुझी मर्जी. मग गाडी की आणि किंवावर गेली, "पेन की पेन्सिल?" म्हटलं की एक निवडून सांगायचं, "पेन किंवा पेन्सिल आण" म्हटलं की काहीही चालतं. आणि "मनात विकल्प आला" म्हणतो तेव्हा तर तो चक्क संशय असतो. तास संपला तरी बाई थांबेनात.

तसं बघितलं तर ज्यांना ऐच्छिक विषय म्हणतात ते बरेचदा वैकल्पिकच असतात, एक कुठला तरी घ्यावाच लागतो, पण हे बाईंना विचारायची हिंमत नव्हती.

पुढे सॉफ्टवेअरमध्ये आलो तर तिथे या शब्दाची व्याख्याच करून ठेवलेली. आरएफसी २११९ म्हणून १९९७ चा एक दस्तऐवज आहे, इंटरनेटच्या नियमांत मस्ट, शुड, मे हे शब्द कसे वाचायचे ते त्यात दिलंय. शुड म्हणजे तसंच सबळ कारण असेल तर सोडा, परिणाम समजून उमजून. मे किंवा ऑप्शनल म्हणजे ती सोय द्या नाहीतर देऊ नका, पण न देणाऱ्याचा प्रोग्राम देणाऱ्याच्या प्रोग्रामशी जुळवून घेणारा हवा आणि उलटही तसंच, म्हणजे इथेपण मागच्या दाराने सक्ती आलीच! नवीन असताना मी फॉर्ममधला मधल्या नावाचा ऑप्शनल रकाना असाच ऑप्शनला टाकलेला, कोणी भरलाच तर काय होईल ते बघितलंच नाही. पहिल्याच माणसाने भरला आणि सगळं बंद पडलं.

त्या चाचणीत बाईंनी तीन प्रश्नांचे पूर्ण मार्क दिले होते. चौथ्याच्या जागी लाल शाईत फक्त "मर्जी".