पलटी का मारलीत?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय. आमच्या कोल्हापुरात रंकाळ्यावर फिरायला गेलो की कुणीतरी गाठतंच. "नाना, पहिल्या बैठकीत रुळाच्या बाजूनं बोललासा आणि दुसऱ्या बैठकीत विरोधात हात वर केलासा. मधल्या आठ दिवसांत काय झालं?"

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, हा प्रस्ताव सरकारचा नव्हे आणि महापालिकेचाही नव्हे. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची दोन पोरं, त्यांचा हा प्रोजेक्ट. रस्त्यावरूनच धावणारी, विजेवरची, दोन-तीन डब्यांची गाडी. ट्रामची नात म्हणा. मार्ग असा: स्टेशन, व्हीनस कॉर्नर, दसरा चौक, बिंदू चौक, मिरजकर तिकटी, बिनखांबी गणेश आणि ताराबाई रोडनं रंकाळा. नागरिकांची मतं हवी होती म्हणून पोरं नकाशा घेऊन आमच्या तालमीत आली. फॉर्म वाटायचे, भरून घ्यायचे आणि निघायचं, एवढाच त्यांचा बेत होता. पेठेत असं होत नसतं. पाऊण तासात रिक्षावाले आले, महाद्वार रोडचे दुकानदार आले, आणि नकाशावरची पेन्सिलची रेघ उद्या सकाळीच खणायला घेणार असल्यासारखी भांडणं जुंपली.

"आमच्या दारात खणून ठेवतील आणि वर पैसेबी आमच्याकडनंच घेतील," असं एक मावशी म्हणाल्या, तेव्हा सगळी तालीम हसली. टोल घालवायला या गावानं रस्त्यावर काढलेली वर्षं कुणी विसरलेलं नाही. दुसरा म्हणाला, "आधी वैभववाडीची रेल्वे येऊ दे, मग बिनखांबीची बघू." कोल्हापूरहून कोकणात जाणारी ती १०७ किलोमीटरची रेल्वे २०१६ च्या अर्थसंकल्पात आली आणि कागदावरच राहिली, त्यामुळे यावर बोलायला कुणाला जागाच उरली नाही. तरुणपणी मुंबईला गिरणीत असलेले एक आजोबा मात्र ट्रामच्या आठवणीत रमले. ३१ मार्च १९६४ ला बोरीबंदर ते दादर शेवटची ट्राम धावली, ती बघायला म्हणे ते रात्री उभे होते.

मी बाजूनं बोललो, ते मनापासून. गुडघे गेलेत, रिक्षा परवडत नाही, आणि नवरात्रात अंबाबाईला येणाऱ्या गाड्या बघितल्या की आपल्याच गावात पाय ठेवायला जागा नसते. वर मी चाळीस वर्षं ड्राफ्ट्समन. कुणी नीट नकाशा काढून आणला की माझं मन विरघळतं.

त्याच आठवड्यात त्यातला एक पोरगा टेप घेऊन घरी आला. "काका, जरा मोजूया?" रात्री अकरा वाजता, दुकानांची शटरं पडल्यावर आम्ही निघालो. आमच्या इथल्या एका चिंचोळ्या जागी तो एका भिंतीला टेकला, मी समोरच्या. टेप तीस फुटांच्या आतच ताणला. दोन रूळ शेजारी-शेजारी टाकायचे तर सात-आठ मीटर लागतात, म्हणजे पंचवीसेक फूट. उरलेल्या चारेक फुटांत माणसं, मोटारसायकली, गटार आणि संध्याकाळी दुधाच्या कट्ट्यावर धार काढायला उभ्या केलेल्या म्हशी. पोरगा म्हणाला, "एकच रूळ टाकू." म्हटलं, मग समोरून येणारी गाडी कुठं थांबणार? तो वहीत काहीतरी खरडत राहिला.

पण रुंदीनं मी फिरलो नाही. रुंदीकरण काय, होतच असतं.

तिथनं आम्ही चालत दसरा चौकाकडं आलो. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी आत आलं तेव्हा व्हीनस कॉर्नरला नाव घातली होती, आणि २०२१ ला पुन्हा तेच. पुराच्या पाण्यानं बस अडली तर ड्रायव्हर वळवून दुसऱ्या रस्त्यानं आणतो. विसर्जनाला मिरजकर तिकटीपासून महाद्वार रोड, पापाची तिकटी, गंगावेसपर्यंत सगळा रस्ता मंडळांचा असतो, तेव्हाही बस वळवतातच. रूळ वळवता येत नाही. वर विजेची तार आणि खालून एकवीस फुटी गणपती, हे चित्र मी पोराला तिथंच फूटपाथवर काढून दाखवलं. या गावाला वर्षातनं कितीदा तरी रस्ता मोकळा करून द्यावा लागतो, कधी नदीला तर कधी देवाला. ती रेघ नेमकी दोघांच्याही वाटेत होती. म्हणून माझा हात त्या रेघेविरुद्ध वर गेला. रुळाशी माझं वैर नाही.

दुसऱ्या बैठकीत मी पर्यायही मांडला. मिरजेचा लोहमार्ग १८९१ पासून आहेच. त्यावर गुळ मार्केट, वळिवडे, रुकडी, हातकणंगले अशा छोट्या गाड्या दर अर्ध्या तासानं सोडा आणि स्टेशनपासून पेठेत लहान बस आणा. त्यावर दुसरा पोरगा उठून म्हणाला, "काका, २०१९ ला रुकडीच्या पुलापाशी तीबी बंद पडली होती." खरं होतं. मी खाली बसलो. माझ्या पर्यायाला हात वर झाले तीन, त्यातला एक माझा.

आता तुमच्या मनातला दुसरा प्रश्न. तो तोंडावर कुणी विचारत नाही, पण पानपट्टीवर चालतो. रेघ नानांच्या पायरीवरनं जात होती का? जात होती. पहिल्या बैठकीत चष्मा नव्हता म्हणून दिसली नाही. पुढं कळली तेव्हा झोप उडाली, हेही कबूल. त्यामुळं पुराचं आणि गणपतीचं मला सुचलं ते त्या पायरीमुळंच, असं कुणी म्हणालं तर मी भांडायला जाणार नाही.

परवा पोरं नवा नकाशा घेऊन आली होती. चष्मा लावला आणि आधी आमची गल्ली शोधली.