कुद्रेमुख: चढाईचा हिशेब सगळे देतात, उतरणीचा कोणी देत नाही

कर्नाटकातल्या चिकमगळूर जिल्ह्यातलं कुद्रेमुख हे शिखर साधारण १,८९० मीटर उंच आहे. म्हणजे आपल्या कळसूबाईपेक्षा जवळजवळ अडीचशे मीटरनं जास्त. निघण्याआधी ज्यांना ज्यांना विचारलं त्या सगळ्यांनी ‘मध्यम’ एवढा एकच शब्द सांगितला. सोबत हिरव्यागार कुरणाचे फोटो. दोराचं काम नाही, कातळ नाही, कुठे हात लावून चढायचं नाही. हे सगळं खरं आहे. पण पायथ्याच्या मुळ्ळोडी गावाहून शिखर आणि परत मुळ्ळोडी हे अंतर वीस किलोमीटरच्या आसपास जातं, ते एकाच दिवसात उरकावं लागतं, आणि परतीच्या वाटेवर एक टप्पा असा आहे की त्यापुढे सगळी चढाई सोपी वाटावी. त्याबद्दल कोणी अवाक्षर काढलं नव्हतं, म्हणून हे लिहितोय.

ज्यांनी हरिश्चंद्रगड किंवा रतनगड दम न लागता केलाय, त्यांच्यासाठीच हे आहे. सॅक कशी भरावी, बूट कोणते घ्यावेत वगैरे इथे मिळणार नाही.

आधी परवाना. कुद्रेमुख राष्ट्रीय उद्यानात वन खात्याच्या परवानगीशिवाय पाऊल टाकता येत नाही, आणि तो परवाना ऑनलाइन आगाऊ काढायचा असतो. २०२४ च्या जानेवारीत सुट्टीच्या दिवसांत कर्नाटकातल्याच कुमारपर्वत या डोंगरावर माणसांची रांग लागल्याचे फोटो सगळीकडे फिरले. त्यानंतर कर्नाटक सरकारनं अशा वाटांवर आगाऊ नोंदणी आणि रोजच्या संख्येची मर्यादा आणली. माझ्या मते हे उत्तम झालं. मात्र याचा अर्थ शनिवार-रविवारच्या जागा फार लवकर संपतात. तारीख हातात आल्याशिवाय गाडीचं किंवा राहण्याचं आगाऊ देऊ नका. आधारकार्ड मूळ न्या. डोंगरावर मुक्कामाला परवानगी नाही, त्यामुळे तंबू घरीच ठेवा. ‘वर सोय करून देतो’ असं कोणी सांगितलं तर त्या माणसाशी व्यवहारच करू नका.

आम्ही कोल्हापूरहून गाडीनं गेलो: हुबळी, शिवमोग्गा, तीर्थहळ्ळी, शृंगेरी, कळसा. पुण्या-मुंबईकडच्यांना कोकण रेल्वेनं मंगळूर आणि तिथून कारकळमार्गे घाट चढून कळसा हे बरं पडेल. शृंगेरी आणि होरनाडू सुंदर आहेत, वेळ असेल तर जरूर थांबा.

आता जीप. कळशाजवळ संसे, संशाजवळ बाळेगल, आणि तिथून मुळ्ळोडीपर्यंतचा पाच-सहा किलोमीटरचा कच्चा रस्ता. दगड, खड्डे, मध्ये ओढे. आपली गाडी तिथे जात नाही. चालत जायचं म्हटलं तर वीस किलोमीटरमध्ये येऊन-जाऊन दहा-बारा किलोमीटरची भर पडते, म्हणजे त्याच दिवशी शिखर विसराच. जीपशिवाय इलाज नाही हे जीपवाल्यांना पक्कं माहीत आहे. आम्ही जिथे मुक्कामाला उतरलो होतो तिथे फोनवर ठरवताना ‘जीप धरूनच दर’ असं स्पष्ट सांगितलं होतं. पहाटे निघताना कळलं की त्यात फक्त जाणं आहे. संध्याकाळी पाय लटपटत असताना, अंधार पडत असताना, परतीचा आकडा सकाळच्या दुप्पट झाला. ‘थांबायचे पैसे’ वेगळे आणि ‘उशिराचे’ वेगळे. त्या वेळी माणूस भांडूच शकत नाही, आणि तीच वेळ साधलेली असते. मला त्या रकमेपेक्षा या गोष्टीचा राग आला, अजूनही आहे.

म्हणून जीप माणशी ठरवू नका, अख्खी ठरवा. जाणं, येणं आणि दिवसभराचं थांबणं असा एकच आकडा घ्या. तो राहण्याच्या ठिकाणाच्या मालकाकडून फोनवर लिहून मागवा, आणि निम्मे पैसे खाली परत पोचल्यावर द्या. लिहून द्यायला जो तयार नाही तिथे राहू नका. मुळ्ळोडीतच मुक्काम केला तर उत्तम. सकाळचा दीड तास वाचतो आणि परतीची जीप दुसऱ्या दिवशी ताज्या डोक्यानं ठरवता येते.

वाट मुळ्ळोडीतून वन खात्याच्या नाक्यावरून सुरू होते. सॅक उघडून बघतात, प्लास्टिक मोजतात. बघू द्या. पहिले दोन-तीन तास जंगल आणि गवत आलटून पालटून येतं आणि हा भाग खरोखर सोपा आहे. इथली डोंगररचना एकदा लक्षात आली की पाण्याचं गणित आपोआप सुटतं. उघड्या सोंडांवर आणि माथ्यांवर वारा आणि पातळ माती, त्यामुळे तिथे फक्त गवत. झाडं दाटतात ती दोन सोंडांमधल्या घळींमध्ये, जिथे ओल धरते. याच जंगलाला शोला म्हणतात. म्हणजे समोर काळपट हिरवी घळ दिसली की ओढा आहे, आणि सोंडेवर असाल तर पाण्याची आशा सोडा. आम्ही सकाळी चढताना एकाच ओढ्यावर सगळ्या बाटल्या भरल्या. त्यानंतरची सगळी वाट उघड्यावरची होती आणि माणशी तीन लिटर कमी पडत होतं. शेवटच्या दाट घळीत जेवढं मावेल तेवढं भरा, सॅक जड झाली तरी चालेल.

ओंटीमर म्हणून एकटं झाड लागतं, बहुतेक जण तिथे टेकतात. तिथून पुढे खरी गोष्ट सुरू होते.

सोंडेवरून वर जाणारी वाट आता वाट उरलेली नाही. तो लाल मातीचा चर झाला आहे, कुठे घोट्याइतका, कुठे गुडघ्याइतका खोल. पाऊस इथे प्रचंड पडतो, माती पातळ, आणि हजारो बुटांनी गवताची मुळं उखडल्यावर पाणी त्याच रेषेतून वाहतं. जाताना हे त्रासाचं वाटत नाही, कारण चढताना चवड्यावर जोर असतो आणि डोळ्यासमोर मातीच असते. आम्ही ऑक्टोबरात गेलो होतो. सकाळी धुक्यानं माती ओली, दुपारी वरून सटकन सर आली आणि चर साबणासारखा झाला. उतरताना जवळजवळ प्रत्येक जण दोन-तीनदा तरी बसला. एकाचा गुडघा आदल्या वर्षीपासून कुरकुरत होता, तो शेवटी अक्षरशः बसून घसरत आला. चढाईला जेवढा वेळ लागला, उतरायलाही तेवढाच लागला. कोणत्याही वर्णनात हे नव्हतं. सगळ्यांच्या वर्णनात शिखरावर पोचलं की ट्रेक संपतो, आणि परतीची वाट एका ओळीत उरकते.

चराच्या कडेला गवतावरून चालणं सोपं असतं, आणि सगळे तेच करतात. कृपा करून करू नका. तुम्ही आज जिथे पाय ठेवाल तिथे पुढच्या पावसाळ्यात दुसरा चर पडलेला असेल. काठी घ्या. एक नाही, दोन घ्या. बुटाचा तळ झिजलेला असेल तर नवा घेतल्याशिवाय निघू नका, या एका टप्प्यासाठी. आणि वेळेचा हिशेब उलटा मांडा: अंधाराच्या आधी खाली पोचायचं तर दुपारी साडेबाराला जिथे असाल तिथून मागे फिरायचं, शिखर समोर दिसत असलं तरी. आम्ही बाराच्या आत वर होतो आणि तरीही जीपपाशी पोचायला संध्याकाळ उलटली.

जळवा: ऑक्टोबरातही भरपूर, विशेषतः घळींमध्ये. पायमोजाच्या वरून जळवांचे खास मोजे चढवा आणि मीठ पुरचुंडीत ठेवा. लागलेली जळू ओढून काढू नका, नखानं सरकवा. ओढ्यात मीठ झटकू नका, त्या पाण्यात बेडूक आहेत.

शिखराच्या थोडं अलीकडे जुन्या चर्चचे पडके अवशेष लागतात, आणि मग माथा. आम्हाला जेमतेम पाच मिनिटं उघडीप मिळाली. पश्चिमेला कडा सरळ कोसळतो आणि खाली कर्नाटकाची किनारपट्टी पसरते. ढग त्या कड्यावरून वर चढून आमच्या अंगावर येत होते. एवढ्यासाठी मी पुन्हा तोच चर उतरेन. हे मी खाली पोचून, पायाला गरम पाणी घेऊन झाल्यावर लिहितोय हे लक्षात ठेवा.

परत येताना उद्यानातून जाणाऱ्या रस्त्यानं गेलात तर कुद्रेमुखची खाणवसाहत लागते. इथे लोहखनिजाची मोठी खाण होती. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानं २००५ च्या अखेरीस ती बंद झाली. खाणीतला गाळ अडवण्यासाठी बांधलेलं लक्या धरण अजून आहे. भद्रा नदी याच डोंगरांमधून निघते, आणि सिंहपुच्छ माकडांच्या मोजक्या उरलेल्या जंगलांपैकी हे एक आहे. २०१२ मध्ये पश्चिम घाटातल्या ज्या जागांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला त्यांत हे उद्यान आहे. अख्खी खाण थांबवून राखलेला हा डोंगर आपल्या बुटांनी झिजू नये असं मला मनापासून वाटतं.

महिन्यांबद्दल माझं मत स्पष्ट आहे. जून ते सप्टेंबर नको: चर म्हणजे ओढा होतो आणि माथ्यावर दहा फुटांपलीकडचं दिसत नाही. ऑक्टोबर सुंदर, पण घसरगुंडीची तयारी हवी. नोव्हेंबरचा दुसरा पंधरवडा ते जानेवारी सगळ्यात योग्य, गवत पिवळं पडायला लागतं पण वाट कोरडी असते. उन्हाळ्यात वणव्याच्या भीतीनं वाटा बहुधा बंद असतात, आणि त्या उघड्या सोंडेवर उन्हात जाण्यात अर्थही नाही. जमलं तर मंगळवार-बुधवार धरा. जीपवाल्याकडे त्या दिवशी दुसरं गिऱ्हाईक नसतं, भाव तिथेच पडतो.