तुम्ही विचारलंत म्हणून: एवढ्याशा व्हिडिओसाठी सुचतं कसं?

मी चित्रपटाचं शिक्षण घेतेय आणि मधूनमधून दोन-तीन मिनिटांचे व्हिडिओ करते, हे कळलं की लोक हमखास दोन प्रश्न विचारतात. पहिला कॅमेऱ्याचा. त्याचं उत्तर 'मोबाइल' एवढंच आहे, ते ऐकून बहुतेकांची निराशा होते. दुसरा प्रश्न, 'तुला हे सुचतं तरी कसं?' त्यावर मी आजवर काहीतरी पुटपुटून वेळ मारून नेत आलेय. पण तुम्ही एवढं मनापासून विचारलंत, तर नीट सांगते.

विषय मी शोधतच नाही. विषय सगळ्यांकडे ढिगाने असतात: एकटेपणा, म्हातारपण, तुटलेली मैत्री. दोन मिनिटांत 'एकटेपणा' दाखवायला निघालं की खिडकीबाहेर बघणारा माणूस आणि त्यावर उदास पियानो, याच्यापुढे गाडी जात नाही. (या पियानोवर काही वर्षं बंदी घातली तरी माझी हरकत नाही.) मी शोधते ते एखादं काम. हातांनी करायचं, छोटं, आणि झालं की झालं असं बघणाऱ्याला चटकन कळेल असं. कुलूप उघडणं, दोरीची गाठ सोडवणं, वाऱ्यात छत्री मिटणं. असं काम सापडलं की विचारायचं, हे आज होत का नाहीये? आणि ते होत नसताना तिथे आणखी कोण आहे?

यात माझा शोध काही नाही. ल्युमिएर बंधूंनी 28 डिसेंबर 1895 रोजी पॅरिसमध्ये तिकीट लावून पहिला खेळ केला, तेव्हा त्यांच्या कॅमेऱ्यात जेमतेम 17 मीटर फिल्म मावायची. म्हणजे सुमारे 50 सेकंद. त्या खेळातल्या एका चित्रात माळी बागेला पाणी घालतोय. एक पोरगा मागून येऊन पाइपवर पाय देतो. पाणी थांबतं, माळी तोटीत डोकावतो, पोरगा पाय उचलतो. पुढचं सांगायला नकोच. पाणी घालण्याचं साधं काम, त्यात एक अडथळा, आणि अडथळा कोण आहे हे माळ्याच्या आधी आपल्याला कळलेलं. आपल्या दादासाहेब फाळक्यांनीसुद्धा 1913 साली पहिला कथापट आणण्याआधी कुंडीत वाटाणा रुजताना टिपला होता, थोडं थोडं करून, कित्येक दिवस. त्यात माणूसही नाही. पण काम आहे, ते पुरं होतंय, आणि भांडवल घालणाऱ्याचा विश्वास बसायला तेवढं पुरलं.

माझंच एक उदाहरण घेते, म्हणजे हे हवेत राहणार नाही. एक आजी सुईत दोरा ओवतेय. दोरा जात नाहीये. एवढंच सुचलं होतं, आणि एवढ्यावर व्हिडिओ होत नाही. नजर कमी झालेल्या बाईची कीव तेवढी येते. मग दुसरा प्रश्न लावला: खोलीत आणखी कोण आहे? तरुण नात आहे, मोबाइल बघतेय, तिला हे दिसतंय, आणि ती उठत नाहीये. हे सापडल्यावर मी वहीत एका ओळीत लिहून ठेवलं. पटकथा लिहिली नाही. चौकोन काढले, चौकोनात हात, सुई, चेहरा. चित्रं मला अजिबात काढता येत नाहीत, पण कोण कुठे बसलंय आणि कोण कुठे बघतंय एवढं कळलं की भागतं. आजी उजवीकडे बघत असेल तर नात डावीकडे बघायला हवी. त्या दोघींच्या मधल्या रेषेच्या एकाच बाजूला कॅमेरा ठेवायचा, नाहीतर दोघी एकमेकींकडे न बघता एकाच दिशेला बघतायत असं दिसतं.

शूटिंगच्या दिवशी सुचण्याबिचण्याचं काही नसतं, अडचणी निस्तरायच्या असतात. मोबाइल सुईजवळ नेला की त्याचीच सावली पडते आणि फोकस सुई सोडून मागच्या भिंतीवर जाऊन बसतो. म्हणून थोडं लांब जाऊन दुपटीने झूम करायचं, फोकस आणि एक्सपोजर (म्हणजे चित्र किती उजळ यावं ते) लॉक करायचं, मागे गडद कापड आणि दोरा पांढरा. उजेड एकाच खिडकीचा. खोलीतला दिवा बंद, कारण घरातला वीजपुरवठा 50 हर्ट्झचा असेल तर बरेच दिवे सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात. डोळ्याला ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं, आणि चित्रावर पट्टे सरकायला लागतात. दिवा लावावाच लागला तर शटर, म्हणजे एका चित्रासाठी कॅमेरा उजेड घेतो तो वेळ, 1/50 किंवा 1/100 सेकंद ठेवायचं. शॉटही गोष्टीच्या क्रमाने घेत नाही, उजेडाच्या क्रमाने घेते. खिडकीतून ऊन आत आलं की चेहरे आधी उरकायचे. हातांचे क्लोजअप नंतर घेतले तरी चालतं, उजेडातला थोडा फरक तिथे खपून जातो.

नातीचं काम करणाऱ्या मैत्रिणीने विचारलं, 'मला अपराधी वाटतंय असं दाखवू का?' मी म्हटलं, काहीच दाखवू नकोस. फोन बघ, एकदा मान वर कर, परत फोन बघ. यामागे एक जुना प्रयोग आहे. 1920च्या आसपास रशियात कुलेशोव नावाच्या दिग्दर्शकाने एका नटाचा निर्विकार चेहरा घेतला. त्याला एकदा सुपाची वाटी जोडली, एकदा शवपेटी, एकदा एक बाई. बघणाऱ्यांना त्याच चेहऱ्यात कधी भूक दिसली, कधी दुःख, कधी ओढ. सुईच्या शॉटनंतर कोरा चेहरा लावला की अपराध बघणारा स्वतःच भरतो. नटीने आधीच भरून ठेवला तर त्याला जागाच उरत नाही.

आवाजाबद्दल मात्र मी हट्टी आहे. चित्र जरा हललं तरी लोक सांभाळून घेतात. आवाज घुमला की ते सरळ पुढे निघून जातात. दुसरा मोबाइल रेकॉर्डर म्हणून बोलणाऱ्याच्या जवळ, फ्रेमच्या बाहेर ठेवते आणि सुरुवातीला एक टाळी वाजवते, म्हणजे एडिटमध्ये चित्र आणि आवाज जुळवता येतात. शेवटी सगळ्यांना गप्प बसवून खोलीचा नुसता आवाज अर्धा मिनिट घेते. रिकाम्या खोलीलाही आवाज असतो, आणि दोन तुकड्यांच्या मध्ये तो नसला की कान लगेच दचकतो.

पण सुईला आवाज कुठे असतो? या व्हिडिओत तीच मोठी पंचाईत होती, आणि खरं सुचणं तिथे झालं. चित्रात नुसते आजीचे हात. त्यावर कुठूनतरी मोबाइलमधल्या एकामागून एक बदलणाऱ्या क्लिपांचे तुटक आवाज. दोन शब्द, हसू, गाण्याची अर्धी ओळ. नात अजून दिसलेलीच नाही, पण खोलीत कुणीतरी आहे आणि ते रिकामं बसलंय, हे कानाने आधी सांगितलं. मग तिचा चेहरा. पुढच्या शॉटचा आवाज आधी आणण्याच्या या पद्धतीला एडिटिंगमध्ये जे-कट म्हणतात, कारण टाइमलाइनवर, म्हणजे एडिटिंगमध्ये चित्र आणि आवाजाचे तुकडे ओळीने मांडतात त्या पट्टीवर, तो आकार इंग्रजी जे अक्षरासारखा दिसतो. बातम्यांपासून मालिकांपर्यंत रोज वापरतात, त्यात नवल काही नाही. इथे मात्र त्याच्यामुळे नात न दिसता हजर झाली.

एडिटिंगचं सगळं सांगत बसत नाही, कंटाळाल. एकच अडलेली जागा सांगते. आजीचा सगळ्यात चांगला टेक, ज्यात ती दोऱ्याचं टोक जिभेने ओलं करते आणि क्षणभर नातीकडे बघते, त्यात सुई डाव्या हातात होती. आधीच्या शॉटमध्ये उजव्या. वॉल्टर मर्च या संकलकाने कट कुठे करावा याचे सहा निकष लावले आणि त्यांना टक्के दिले. भावनेला 51. जागेच्या सलगपणाला सगळ्यात कमी, 4. म्हणजे बाकीचे पाचही निकष एकत्र आले तरी भावनेला हरवू शकत नाहीत. मी चुकलेल्या हातांचा टेक ठेवला. वर्गात एकानेच ते पकडलं, तोही संकलनच शिकतो.

तयार झालं का, हे स्वतःला विचारून उपयोग नसतो, कारण तोवर प्रत्येक शॉट पाठ झालेला असतो. ज्याला काहीच माहीत नाही अशा माणसाला दाखवते. 'कसा वाटला?' असं विचारलं की सगळे 'छान' म्हणतात, म्हणून 'काय झालं ते सांग' एवढंच विचारते. उत्तर 'म्हणजे मला असं जाणवलं की…' असं सुरू झालं तर मी परत टाइमलाइनवर. सुईच्या व्हिडिओवर बरेच जण आधी आजीबद्दल बोलले, डोळे, वय वगैरे, आणि दर वेळी मी नातीचा शेवटचा शॉट थोडा लांबवत गेले. मग एकीने बघून झाल्याझाल्या चिडून विचारलं, 'ती उठली का नाही?' त्या संध्याकाळी फाइल एक्सपोर्ट केली.